नीरव शांतता, नाश्त्यासह

ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी गादीवरून उतरवलं आणि मग याला ठेवायचं कुठं, असा प्रश्न त्यांना पडला. जागा अशी हवी की तिथं कोणी सहज जाणार नाही, तिथून कोणी सहज येणार नाही आणि मधल्या वेळात काही घडणार नाही. १८८६ साली त्यांनी त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं. ३० वर्षं राजा तिथं बसून राहिला आणि १९१६ साली तिथंच वारला. पुढं अंदमान भोगून आलेल्या सावरकरांनाही सरकारनं १९२४ पासून १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध केलं. थोडक्यात, ‘तुम्ही आता रत्नागिरी जिल्ह्यात राहायचं’ हे वाक्य ब्रिटिश साम्राज्यात शिक्षा म्हणून सुनावलं जायचं. त्याच शिक्षेला आता ‘नेचर स्टे’ म्हणतात, ती आधीपासून बुक करावी लागते, आणि निम्मे पैसे आगाऊ भरल्याशिवाय कोणी आपल्याला स्थानबद्ध करून घेत नाही.

मला ही शिक्षा आमच्या डॉक्टरांनी सुनावली. दंडावरचा पट्टा सोडवत ते म्हणाले, “गोळी वाढवत नाही. चार दिवस कुठंतरी शांत ठिकाणी जाऊन या.”

“शांत म्हणजे किती शांत?”

“जिथं मोबाइल वाजत नाही, हॉर्न ऐकू येत नाही, कोणी आपल्याशी बोलायला...” एवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला आणि ते बोलायला आत निघून गेले. त्यांची फी मी कंपाउंडरकडे दिली.

बायकोकडे जाहिरात तयारच होती. डॉक्टरांशी तिचं आधी बोलणं झालं असावं, असा माझा अजूनही संशय आहे. ‘घनदाट जंगल. समोर तलाव. दारात वन्यजीव. नीरव शांतता, नाश्त्यासह.’ खाली फोटो होता. निळं पाणी, हिरवे डोंगर आणि मधोमध एक बगळा, त्याच्याही तोंडावर शांतता. यातला ‘दारात’ हा शब्द अलंकारिक असणार असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो.

शांत ठिकाणी जायचं म्हटल्यावर मराठी माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे बरोबर यायला माणसं गोळा करतो. सासूबाई म्हणाल्या, “मला मार्लेश्वर करायचाच होता.” सासूबाई येणार म्हटल्यावर साडू येणार हे ठरलंच. साडूंना ताडोबाला वाघ दिसल्यापासून ते माणसांत राहिलेले नाहीत. त्यांच्याकडे माझ्या हाताएवढी लांब लेन्स आहे आणि झाडपाल्याच्या नक्षीचे कपडे आहेत. ते घातले की जंगलात आपण कोणाला दिसत नाही असा त्यांचा समज आहे. दादर स्टेशनवर मात्र ते सगळ्यांना दिसतात. मेहुणी आली नाही. तिला खरोखरच शांतता हवी होती, त्यामुळं नवरा आणि आई कोकणात गेल्यावर ती घरी राहिली.

गाडीचं आरक्षण हा वेगळा प्रकार. पूर्वी १२० दिवस आधी तिकीट काढता यायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आणलं. मे महिन्यात कोकणात जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं यात फरक इतकाच की, पूर्वी चार महिने आधी कळायचं की तिकीट नाही, आता दोनच महिने आधी कळतं. आमचं निघालं, तेही तुतारी एक्स्प्रेसचं. मालगुंडच्या केशवसुतांच्या कवितेवरून या गाडीला हे नाव दिलं, हे फार चांगलं केलं. पण शांततेच्या शोधात निघालेल्या माणसानं तुतारीत बसून जावं, हा योग मला तिकीट हातात आल्यापासून खटकत होता.

तुतारी दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. या पाच मिनिटांनी कोकणातल्या किती लग्नांची वऱ्हाडं दादरला अडकवली असतील, देव जाणे. शनिवारचं तिकीट असेल तर शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असतं. हे मी साडूंना फोनवर सांगितलं, लिहून पाठवलं, वर सासूबाईंकरवी पुन्हा वदवून घेतलं. बारा वाजता फलाटावर आम्ही तिघंच.

“अहो, कुठं आहात?”

“घरी. झोपतोय. उद्याची गाडी आहे ना?”

“उद्या कधीच सुरू झालं! गाडी हलली!”

पलीकडून जो आवाज आला तो साडूंचा होता की त्यांच्या हातून पडलेल्या लेन्सचा, हे गाडीच्या भोंग्यात नीट कळलं नाही.

संगमेश्वर रोडला उतरून रिक्षा केली. देवरुख मागं टाकलं, मार्लेश्वरच्या रस्त्याला लागून आत वळलो. रिक्षावाल्याला ‘नेचर स्टे’ माहीत नव्हतं. फोटो दाखवल्यावर म्हणाला, “म्हणजे काकूंकडे! मग असं सांगा की.” घर जाहिरातीत होतं तसंच निघालं, हे कबूल करायला हवं. जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, पुढं पडवी, शेणानं सारवलेलं खळं, मागं पाटाच्या पाण्यावरचं नारळी-पोफळीचं आगर, सगळ्याभोवती गडगा. काकू साठीच्या, चहाच्या आधणासारख्या सतत उकळत असलेल्या. आम्हाला पाहून म्हणाल्या, “चौथे कुठं सांडलेत?”

चहा झाल्यावर मी पडवीत उभं राहून विचारलं, “काकू, तलाव कोणत्या बाजूला?”

“हा काय समोर.”

समोर मैदान होतं. त्यात तीन दांड्या रोवलेल्या होत्या आणि चुन्यानं क्रीज आखलेली होती.

“यात पाणी नाही.”

“मे महिन्यात कुठून असेल? जूनला मिरग लागला की भरतो. भरला की बघत राहावं.”

“जाहिरातीत होतं.”

“तो फोटो सप्टेंबरातला आहे. तुमच्या आधार कार्डावर तरी आजचा फोटो आहे काय?”

मी गप्प बसलो. माझ्या आधार कार्डावर मला केस आहेत.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढ्या पावसात दुसरा एखादा देश बुडाला असता. इथं मात्र जांभा दगड पाणी पिऊन टाकतो, उरलेलं उतारावरून धावत समुद्राला जाऊन मिळतं, आणि मे महिन्यात त्याच गावात टँकरची वाट बघतात. कोकणात पाणीसुद्धा चाकरमानी आहे. चार महिने घरी राहतं, मग जे जातं ते पुढच्या वर्षीच तोंड दाखवतं.

दुपारी तीनच्या सुमारास तलावात लाउडस्पीकर बांधायला सुरुवात झाली. मे महिन्यात मुंबईची पोरं गावी आली की वाडीवाडीच्या टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात, आणि या गावची स्पर्धा ‘भव्य दिव्य, प्रकाशझोतातील’ होती. पहिलं बक्षीस बोकड. तो सीमारेषेवर बांधून ठेवला होता आणि प्रत्येक विकेटला ओरडत होता. तलावाच्या काठावरच्या प्रत्येक फांदीवर माणसं बसली होती. फोटोतल्या बगळ्याच्या जागी पंच उभा होता.

समालोचकाला स्वतःच्या आवाजाचं फार प्रेम. “आणि हा उत्तुंग फटका... चेंडू थेट काकूंच्या आगरात! क्षेत्ररक्षकानं चेंडू आणताना काकूंच्या कुत्र्यापासून सावध राहावं ही मंडळाच्या वतीनं नम्र विनंती!” मी पडवीत कानात बोटं घालून पडलो होतो. एवढ्यात ऐकू आलं, “आपल्या गावात खास मुंबईहून पाहुणे आलेले आहेत. ते समोर पडवीत आडवे होऊन खेळाचा आनंद घेत आहेत. त्यांच्याकडून आजच्या सामनावीराला रोख ५०१ रुपये! टाळ्या!”

टाळ्या झाल्या. मी उठून बसलो. बायको म्हणाली, “हात हलवा, सगळे बघताहेत.” मी हात हलवला. त्यावर समालोचक म्हणाला, “पाहुण्यांनी हात वर करून १,००१ रुपयांना संमती दिली आहे!”

सामने रात्री कधी संपले ते कळलं नाही, पण संपले. लाउडस्पीकर बंद झाला, दिवे गेले आणि ज्यासाठी निम्मे पैसे आगाऊ भरले होते ती शांतता अखेर सुरू झाली.

जंगलाच्या शांततेबद्दल ज्यांनी लिहून ठेवलंय ते तिथं रात्री झोपलेले नसावेत. आधी रातकिडे सुरू झाले. ते एकदम थांबायचे, म्हणून मी डोळे मिटायचो, की परत सुरू. मग आगरातल्या अंधारातून ‘चकू चकू चकू चकू’ असा आवाज आला. हा रातवा. दिवसभर जमिनीवर पाचोळा होऊन बसतो आणि रात्री दगडावर दगड ठोकत राहतो. एकाच सुरात त्यानं शंभराच्या वर चकू म्हटल्याचं मी मोजलं. डॉक्टरांनी झोप येत नसेल तर आकडे मोजा म्हणून सांगितलं होतं. मग पिंगळा बोलला. मग कौलांवरून काहीतरी पळत गेलं, त्याच्यामागून दुसरं काहीतरी पळत गेलं, आणि मग पहिलं परत आलं. लांबून कोल्हे ओरडले. त्यांना काकूंच्या कुत्र्यानं उत्तर दिलं, काकूंच्या कुत्र्याला शेजारवाडीच्या कुत्र्यानं, आणि तो निरोप असा वाडीवाडीनं साखरप्यापर्यंत गेला असावा.

पहाटे, अजून अंधार असताना, खिडकीखाली कोणीतरी शीळ घालू लागलं. सुरेल पण बेफिकीर. चाल अर्ध्यात सोडून द्यायची, पुन्हा दुसरीच धरायची. मी खिडकी उघडून दरडावलं, “कोण आहे रे? घरात बायकामाणसं आहेत!” शीळ थांबली. सकाळी काकूंनी सांगितलं की तो कस्तूर, पक्षी आहे. शीळकरी कस्तूर. त्याला इंग्रजीतही शीळ घालणारा शाळकरी पोरगाच म्हणतात, असं नंतर साडू म्हणाले, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

त्यानंतर वस्तीची एस. टी. सुरू झाली. रात्री गावात मुक्कामाला असलेली गाडी पहाटे सुटण्याआधी अर्धा तास जागच्या जागी धडधडते, तिच्या काचा, पत्रे आणि बाकं आपापल्या आवाजात जागी होतात. ती गेली आणि परसात तोफ उडाली.

मी पलंगावरून खाली होतो. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, “चहा झाला वाटतं.”

तोफ काकूंनी उडवली होती. प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड घालून, पाणी ओतून, मागून लायटरची ठिणगी दिली की असा बार होतो की समोरच्या डोंगरावरून परत येतो. वानरं आगरात उतरली होती. काकू पदर खोचून, एका हातात पाइप घेऊन, वरच्या झावळ्यांकडे बघत एकेका वानराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या.

“घाबरलात काय हो? रोजचंच आहे. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि दिवेलागणीला. शहाळ्याला नख लावून टाकून देतात मेले. खातील तर एक वेळ चालेल.”

“जाहिरातीत ‘दारात वन्यजीव’ लिहिलंय ते हे का?”

“ते पोरानं लिहिलंन. मी ‘वानरांचा उच्छाद’ लिहायला सांगत होते.”

दिवसा झाडांवरचे किडे किरकिरायला लागले, सिकाडा. उन्हात तापलेल्या तारेवर कोणी करवत चालवावी असा तो आवाज दुपारभर डोक्यात शिरतो. यात ओरडतो तो फक्त नर, ही माहिती मी बायकोला दिली.

“आणि मादी?”

“गप्प असते.”

“बिचारी,” बायको म्हणाली. “आणि तिला उडून जाता येतं तरी ती थांबते?”

साडू दुसऱ्या रात्री पोचले, मोटारीनं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्या वर्षी जन्मलेली मुलं आता दहावी-अकरावीत आहेत. साडूंची मान एका बाजूला वळलेली होती ती तशीच होती. “रस्ता फार सुरेख होणार आहे,” ते त्या वळलेल्या मानेनं म्हणाले. कोकणात हे वाक्य भविष्यकाळातच बोलायची रीत आहे.

सकाळी घावने खाताना त्यांनी वही उघडली आणि काकूंची मुलाखत सुरू केली. त्यांच्या वहीत प्राण्यांची यादी होती. काकूंचंही प्राणिशास्त्र पक्कं निघालं, फक्त त्याची रचना वेगळी होती. कोण काय खातो यावर ते उभं होतं.

“गवे आहेत?”

“भात खातात.”

“साळिंदर?”

“माडाचं रोप ठेवत नाही. कालच दोन गेली.”

“मोर?”

“मिरचीचे कोंब.”

“शेकरू!” साडूंचा आवाज कापरा झाला. “शेकरू दिसतं?”

“नारळ पोखरतंय. त्याचे दात बघा तुम्ही, सुतार मागं पडेल.”

“अहो काकू, तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे!”

“मग राज्यानं खायला घालावं. माझ्याच माडावर काय म्हणून?”

साडूंनी वही मिटली, पुन्हा उघडली आणि मुख्य प्रश्नाला हात घातला. “बिबट्या?”

“बिबट्या नाही हो. वाघ आहे.”

साडूंच्या हातातलं घावन ताटाबाहेर पडलं. २०१० साली चांदोली आणि कोयना मिळून जो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, त्याच्या नकाशात रत्नागिरी जिल्ह्याचाही तुकडा आहे, डोंगराच्या पलीकडे चांदोलीच आहे, असं ते भराभर सांगू लागले. त्यांना थांबवून मीच विचारलं, “काकू, अंगावर पट्टे असतात की ठिपके?”

“ठिपकेच. पण कुत्रं उचलतो तेव्हा मोजत कोण बसतंय? गेल्या महिन्यात आमचं मोत्या नेलंन. हे दुसरं कुत्रं. याचं नाव ठेवलंच नाही अजून.”

साडू थोडे खचले, पण बिबट्या तर बिबट्या. त्यांनी बेत आखला. जनावर पाण्यावर येतं, गावात पाणी म्हणजे तलाव, तलावासमोर गोठा. सबब, गोठ्याच्या माळ्यावर बसायचं. “तलावात पाणी नाही,” मी म्हटलं. “बोकड तर आहे,” ते म्हणाले. यावर उत्तर नव्हतं.

मधल्या दिवसात मार्लेश्वर करून आलो. डोंगरातली गुहा, पायऱ्याच पायऱ्या, आत देव आणि त्याच्या आसपास वावरणारे साप. मकरसंक्रांतीला या देवाचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी दरवर्षी लग्न लागतं. सासूबाईंना हे फार आवडलं. “दरवर्षी लग्न, पण संसार वेगवेगळ्या गावी,” त्या म्हणाल्या. “देवाला कळतं.” एवढ्या पायऱ्या चढून साप एकही दिसला नाही म्हणून त्या जरा नाराज होत्या. मी नव्हतो.

शांततेतली आमची खरी गर्दी जमायची ती संध्याकाळी, फणसाखाली. गावात मोबाइलला रेंज येते ती एकाच ठिकाणी, देवळामागच्या बरक्या फणसाच्या बुंध्याशी. तिथं मावळतीला सगळं गाव हात वर करून उभं असतं. परगावच्या माणसाला वाटावं काहीतरी नवस चाललाय. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या पोराला किती मार्क मिळाले, कोणाच्या जमिनीचा सातबारा कोणी लाटला, हे सगळं तिथं खुलं असतं, कारण रेंज कमी असल्यामुळं प्रत्येक जण ओरडून बोलतो. “ओटीपी आला, ओटीपी आला! सांगू का? सांगतो, लिहून घे!” असं म्हणून एका गृहस्थांनी आकडे इतक्या स्पष्ट सांगितले की तिथल्या दहा-बारा जणांनीही ते लिहून घेतले असते. वर फणस पिकलेले. बरका पिकला की कधी पडेल सांगता येत नाही, म्हणून सगळे एकदा पडद्याकडे आणि एकदा वर बघत बोलतात. सासूबाई रोज खुर्ची घेऊन जायच्या आणि मालिकेचा भाग बघायच्या. भाग थांबला की फणसाला एक चापटी मारायच्या. त्यानं रेंज येते असं तिथं मानतात.

मोबाइल वाजू नये म्हणून आलेला मी त्या रांगेत दुसऱ्याच संध्याकाळी उभा होतो. साहेबांना फोन लागला.

“शांत ठिकाणी गेलात ना? मग मागं कोण ओरडतंय?”

“तलाव आहे, सर.”

“तलाव ओरडतोय?”

“उपांत्य फेरी आहे, सर.”

त्यावर साहेबांनी मला रजा वाढवून घ्यायला सांगितलं, तीही त्यांच्या नेहमीच्या आवाजात नाही, जपून.

रात्री साडू माळ्यावर चढले. लेन्स, तिवई, बॅटरी, पाण्याची बाटली आणि डासांचं मलम, ज्याच्या वासानं बिबट्या येणार नाही म्हणून ते न लावता नुसतं जवळ ठेवायचं होतं. खाली काकूंची म्हैस. तलावात अंतिम सामना, त्यामुळं प्रकाशझोत थेट माळ्यावर. समालोचकाला ते दिसलेच. “आपल्या दुसऱ्या पाहुण्यांनी सामन्याचं चित्रीकरण करण्यासाठी गोठ्यावर जागा घेतलेली आहे, मंडळ त्यांचं ऋणी राहील!” मधल्या विश्रांतीत दोन्ही संघ गोठ्यासमोर रांगेत येऊन उभे राहिले, खांद्यावर हात टाकून, आणि फोटो काढा म्हणाले. साडूंनी काढले. एवढ्या लांब लेन्समधून प्रत्येकाची फक्त नाकपुडी आली. सामना संपला, बोकड विजेत्यांबरोबर गेला, दिवे विझले. त्यानंतर साडू पहाटेपर्यंत तलावाकडे डोळे लावून, न हलता, न खोकता, म्हशीच्या वाफेत बसून होते.

सकाळी ते उतरले तेव्हा त्यांचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखाच सुजला होता. मान मात्र सरळ झाली होती.

काकू मागच्या दारी खाली वाकून काहीतरी बघत होत्या. न्हाणीघराचं पाणी जिथं पोफळींना जातं तिथल्या चिखलात ठसे होते. चांगले तळहाताएवढे, नखांच्या खुणा नसलेले.

“आलावता की,” काकू म्हणाल्या. “पाणी प्यालान आणि गेलान. कुत्रं रात्री घरात घेतलंवतं म्हणून वाचलं.”

साडूंच्या तोंडून शब्द फुटेना. एवढ्यात सासूबाई पडवीतून म्हणाल्या, “ते होय? ते मी घालवलं.”

“काय घालवलंत, आई?”

“रात्री उठले होते न्हाणीशी जायला. एक बोका बसलावता मोठा. वाटेतच. उठेना. हाड म्हटलं. बघत राहिला माझ्याकडे. मग चप्पल काढली तेव्हा गेला गडग्यावरून. चांगला पोसलेला होता हो. शेपूट तर ही एवढी!”

कोणी काही बोलेना. बायको खाली बसली. मी आधीच बसलेला होतो. साडूंनी अखेर विचारलं, आणि त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात हळू आवाज असेल, “आई, पट्टे की ठिपके?”

“चष्मा घरात होता,” सासूबाई म्हणाल्या. “पण माजलेला होता. तुम्ही पोरं नुसती कॅमेरे घेऊन हिंडता, घरात काय शिरतंय बघत नाही कोणी.”

त्या दिवशी सासूबाईंना बघायला गाव लोटलं. समालोचकही आला. जवळून तो अगदी लहान, अकरावीतला मुलगा होता आणि बोलताना लाजत होता. जी चप्पल दाखवली गेली तिचा साडूंनी सगळ्या बाजूंनी फोटो काढला. त्यांच्या लेन्समधून ती फारच सुंदर आली.

निघायच्या सकाळी काकूंनी अभिप्रायाची वही पुढं केली. मला दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायची वाईट खोड आहे. ‘निसर्ग अप्रतिम. पक्ष्यांनी आठनंतर सुरुवात केल्यास बरे.’ ‘खूप शांत वाटले, परंतु टीव्ही हवा.’ ‘जंगल छान आहे, थोडे साफ करून घ्यावे.’ ‘सनसेट पॉइंट कुठे ते शेवटपर्यंत कळले नाही.’ (तो शेणकीजवळ आहे. तिथून खरंच उत्तम दिसतो, पण श्वास धरून.) ‘काजवे पाहिले. चालू-बंद होत होते.’ एकानं तर दोन पानं भरून निसर्गाच्या सान्निध्यात आपण स्वतःला कसे सापडलो ते लिहिलं होतं आणि शेवटी ‘चार्जर विसरला आहे, कुरिअरने पाठवावा’ म्हणून पत्ता दिला होता. मी ‘घावने उत्कृष्ट’ लिहून सही केली. साडूंनी काही लिहिलं नाही. सासूबाईंनी लिहिलं: ‘मांजरे आवरावीत.’

काकूंनी उरलेल्या पैशांचा हिशेब केला. त्यात मंडळाच्या पावतीचे १,००१ रुपये आधीच धरलेले होते. पिशवीत आमसुलं, कुळथाचं पीठ आणि एक कापा फणस कोंबला. मग आजूबाजूला बघून, जरा जवळ येऊन म्हणाल्या, “तुमचा पत्ता पण लिहा हो वहीत. पाऊस लागला की इथलं गिऱ्हाईक थांबतं. तेव्हा येईन म्हणते चार दिवस तुमच्याकडे. कितवा मजला?”

“अकरावा. पण काकू, तिथं गडबड फार. खाली खणताहेत, हॉर्न, शेजारी...”

“असू दे. दारं-खिडक्या लावून पडेन गपचीप. वानरं येतात का अकराव्यावर?”

“नाही.”

“डुकरं? शेकरू?”

“नाही हो. कबुतरं आहेत नुसती.”

काकूंनी डोळे बारीक केले. “नारळ खातात?”

“नाही.”

“मग येते,” काकू म्हणाल्या आणि वहीत पत्त्यासाठी नवीन पान काढून दिलं.